बादलीतला वाटा

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या कारखान्याचे मालक. त्यांच्या शेजारी बसलेले आदरणीय मॅनेजरसाहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो आहोत त्या आपल्या तपासणीच्या बाई. भरणीखात्यातले, हमालीतले, गाडीवरचे सगळे भाऊ. आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या माझ्या बहिणींनो, लेकींनो, सुनांनो. तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

एवढं मी पाठ केलं होतं. तिसऱ्या रांगेत ती दोन वेण्यांची बसली आहे ना, पाय हलवत, ती माझी नात. तिने तीन दिवस माझ्याकडून घोकून घेतलं. "आजी, आधी अध्यक्ष, मग बाकीचे, आणि मध्ये खोकायचं नाही." वय वर्षं आठ, पण वर्गातल्या बाईंना सुट्टी देऊन हिला उभं करावं अशी. पुढचं सगळं मी माझ्या हाताने कागदावर लिहून आणलंय. माझं शिक्षण चौथीपर्यंत. म्हणजे चौथीचा निकाल लागायच्या आधीच माझी शाळा सुटली, तेव्हा मी पास झाले असं मीच धरून चालते. जोडाक्षरं नातीने तपासून दिली आहेत. चुका राहिल्या असतील तर त्या आम्हा दोघींच्या.

खरं सांगते, आज मला फार आनंद झालाय. एकतीस वर्षं मी या कारखान्यात बसून गप्प राहिले, आज पहिल्यांदा उभं राहून बोलायला मिळतंय. माईक एवढा थंडगार असतो हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्यांत म्हातारी म्हणून माझं नाव सुचवलं गेलं. म्हातारपणाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

आता कामाचं बोलू. माझ्या आधी मॅनेजरसाहेब बोलले. सुंदर बोलले. त्यांचं नाव आम्ही पट्ट्यावर 'पुढे चला' ठेवलंय, साहेब, तुम्हाला ठाऊक असेलच. काहीही विचारा, उत्तर एकच. पंखा बंद आहे, पुढे चला. मागच्या खोलीची भिंत पाझरते, पुढे चला. तर साहेब म्हणाले की बाई स्वतःच्या इच्छेने काम सोडून जात आहेत. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण मी विचारते, चार वर्षं जिला या कारखान्याचा दरवाजा लागायच्या आधी घरी जाताना कुणी पाहिलं नाही, तिला ही इच्छा एकाएकी झाली कुठून? गेल्या महिन्यात बादली तपासल्यावरच का झाली?

ज्या पाहुण्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे शेंगा फोडून दाणे येतात. ते एका लांब पट्ट्यावरून सरकत जातात, वर नळीचे दिवे, दोन्ही बाजूंना आम्ही बायका. पट्टा थांबत नाही. आम्ही नजरेनं पकडायचं आणि बोटांनी उचलायचं. काळा दाणा, सुरकुतलेला दाणा, हिरवट झाक आलेला, साल फाटलेला, किडीने टोचलेला. उचलला की पायाशी ठेवलेल्या बादलीत. चांगला माल पुढे जातो, गोण्यांत भरला जातो, गाडीत चढतो आणि कुठल्या तरी लांबच्या माणसांच्या तोंडी लागतो. ती माणसं कोण, आम्हाला माहीत नाही. त्यांना आमची बोटं माहीत नाहीत. पण त्यांच्या पोटात वाईट दाणा जाऊ नये म्हणून आमच्या माना मोडल्या.

आणि बाईंचं काम काय? गाडी निघायच्या आधी त्या मालातले मूठभर दाणे घ्यायचे, दळायचे, बाटलीत कसल्या तरी पाण्यात घुसळायचे आणि यंत्रावर बघायचं की त्यात बुरशीचं विष किती आहे. ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं तर गाडी थांबली. काचेच्या इतक्या बाटल्या म्हणून आम्ही त्यांना 'बाटलीबाई' म्हणायला लागलो. त्यांना ते कळलं तेव्हा त्या हसल्या. आमच्यातल्या कुणी असती तर आठ दिवस अबोला धरला असता.

आता बादलीचं काय होतं ते सांगते, कारण आज मी त्यासाठीच उभी आहे.

बादल्या मागच्या खोलीत रिकाम्या होतात, तिथे ढीग लागतो. आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या ढिगातून प्रत्येकीला एक पिशवी मिळते. तिला आम्ही 'वाटा' म्हणतो. थोरल्या मालकांच्या वेळेपासूनची रीत. तेव्हा ती आम्हाला फार मोठ्या मनाची वाटायची. मालक स्वतः उभे राहायचे, एकेकीच्या हातात पिशवी द्यायचे, मुलाबाळांची चौकशी करायचे. नवी बाई कामाला लागली आणि तिला पहिला वाटा मिळाला की आम्ही म्हणायचो, आता तू इथली झालीस.

बायांनो, जरा विचार करा. जे दाणे लांबच्या अनोळखी माणसाने खाऊ नयेत म्हणून आम्ही दिवसभर वेचून काढले, तेच संध्याकाळी पिशवीत घालून आम्ही आपल्या घरी नेले. स्वतःच्या बोटांनी. एकतीस वर्षं. आणि वर आभार मानले.

आम्ही अगदीच मूर्ख होतो का? नव्हतो. मूर्ख असतो तर बरं झालं असतं. आम्ही हुशार होतो, तीच चूक झाली. आम्ही म्हणायचो, निवडणं आम्हाला कुणी शिकवायचं? घरी नेऊन आम्ही वाटा पुन्हा निवडायचो. काळेकुट्ट काढून टाकायचे, उरलेले तीन पाण्यांत धुवायचे, मीठ लावून उन्हात टाकायचे, मग खरपूस भाजायचे. घरभर वास सुटायचा. त्याचा कूट पोरांच्या लापशीत, म्हाताऱ्यांच्या भाजीत, स्वतःच्या डब्यात. माझे दाणे तर सगळ्या पट्ट्यावर नावाजलेले. मी सांगत फिरायचे की आगीतून गेलं की सगळं शुद्ध.

मग एक दिवस बाई जेवणाच्या सुट्टीत पट्ट्यावर आल्या. चेहरा पांढराफटक. आमचे डबे उघडे होते. आज माझ्या समोर जी पोर बसते, तिच्या डब्यात कूट घातलेली भाजी होती. बाईंनी सरळ तिच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "हे खाऊ नका. कुणीच खाऊ नका."

झालं. आम्हाला राग आला, आणि सगळ्यांत मोठा आला तो मला. मी म्हणाले, "बाई, आमच्या घासावर नजर ठेवू नका. तुमचं यंत्र तुमच्यापाशी, आमचं जेवण आमच्यापाशी." मागून कुणी तरी पुस्ती जोडली की शिकलेल्या बायकांना गरिबाच्या ताटात फक्त घाण दिसते. कोण बोललं ते मी सांगणार नाही, ती पाचव्या रांगेत तोंडाला पदर लावून बसली आहे. पुढचे सहा दिवस आमच्यातली एकही बाई बाईंशी बोलली नाही. मालकांनी आमचा वाटा बंद करावा म्हणून त्यांनी हे काढलंय, असंही आम्ही पसरवलं. बाई, आज सगळ्यांच्या देखत सांगते, ते पसरवणारी मीच.

सातव्या दिवशी मी पैज लावायला गेले. घरचे भाजलेले दाणे एका डबीत घेतले, दोनदा निवडलेले, तीन पाणी दिलेले, सोन्यासारखे. डबी त्यांच्या टेबलावर आपटली आणि म्हणाले, घाला तुमच्या बाटलीत. आकडा आला तर पट्ट्यावर सगळ्यांसमोर कान धरीन. त्यांनी डबी उघडली. दाणे दळले, घुसळले, थांबल्या. मी स्टुलावर बसून त्यांना नातीच्या गोष्टी सांगत होते. तिने शाळेत पाढा कसा म्हटला, तिला दाणे कसे मुळीच आवडत नाहीत, कूट दिसला की ओठ कसे घट्ट मिटून घेते. त्यावरून मी तिला किती बोलले असेन. "खाण्याला नाक मुरडतेस, देवाने दिलंय ते खा." मी बोलत राहिले आणि बाई यंत्राकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी मला आकडा दाखवला. मी म्हटलं, मला यातलं काय कळणार. त्या म्हणाल्या की गाडी थांबवायचा आकडा हा इथे आहे, आणि तुमच्या डबीतला हा, इथे. मधलं अंतर एवढं होतं की मला चष्मा लागला नाही. आणि भाजायच्या आधीचा, थेट बादलीतला? तो आकडा दाखवायचं यंत्राने सोडूनच दिलं होतं, त्याच्या आवाक्याबाहेरचा.

आता मी तुम्हाला जे सांगते आहे ते बाईंनी मला मागच्या पायरीवर बसून सांगितलं. मी ते माझ्या शब्दांत सांगणार. चुकलं तर बाई, हात वर करा.

बुरशी दिसते ती वेगळी आणि तिचं विष वेगळं. बुरशी झटकली, पुसली, धुतली की जाते. पण दाण्यावर राहत असताना तिने आत सोडलेलं विष जात नाही. भाडेकरू गेला तरी त्याने ठोकलेले खिळे भिंतीत राहतात, तसं. त्या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. चांगला दिसणारा दाणाही आतून भरलेला असू शकतो. म्हणून आमची एकतीस वर्षांची नजर तिथे आंधळी. आणि आग त्याला पुरी पडत नाही. भाजल्यावर थोडं कमी होतं, पण चूल जेवढी तापवतो तेवढ्याने संपत नाही. माझा खरपूस वास म्हणजे नुसता वास.

मग ते पोटात गेलं की कुठे जातं? यकृतात. खाटकाकडे ज्याला कलेजी म्हणतात ते. यकृत बिचारं घरातल्या सुनेसारखं, येईल ते निस्तरायचं. ते या विषाला मोडून बाहेर टाकायला जातं. आणि इथेच घात होतो. मोडताना त्याची अशी एक धारदार कपची निघते की मूळ विषापेक्षा ती वाईट. ती जाऊन पेशीच्या आत घुसते. पेशी म्हणजे काय, मी विचारलं. बाई म्हणाल्या, आजी, आपलं सगळं शरीर पेशींचंच विणलेलं आहे, डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक. आणि प्रत्येक पेशीच्या आत एक लिखाण असतं, तिने काय काम करायचं, कधी वाढायचं, कधी थांबायचं.

मी म्हटलं, म्हणजे विणकामाचा नमुना. दोन सुलट, दोन उलट, इथे घटवायचं, इथे बंद करायचं.

त्या म्हणाल्या, अगदी तसंच. ती कपची त्या नमुन्याला चिकटते आणि एखादं अक्षर बदलून टाकते. शरीर चुकलेलं उसवतं, पुन्हा विणतं, फार कष्टाळू आहे ते. पण रोज खाल्लं तर किती वेळा उसवणार? एखादी चूक राहून जाते. त्या पेशीपासून पुढची पेशी होते ती तीच चूक घेऊन. तिच्यापासून पुढची. आणि नमुन्यातलं 'थांब' नेमकं तेच पुसलं गेलं असेल, तर ती पेशी वाढतच राहते. तिची गाठ होते. लहान मुलांच्या पोटात जात राहिलं तर त्यांची वाढ खुंटू शकते. आणि अंगावर पाजणाऱ्या आईने खाल्लं तर दुधातूनही थोडं उतरतं.

मी तिथेच उठले. कान धरायला नव्हे. मला समोरची आठवली.

इथून पुढचं कागदावर आहे पण मी न बघता सांगते.

'समोरची' कोण, हे जुन्यांना सांगायला नको. पट्ट्याच्या पलीकडे, माझ्या बरोबर समोर, एकोणीस वर्षं ती बसली. मी तिला समोरची म्हणायचे, ती मला समोरची म्हणायची. दोघींच्या माना खाली, त्यामुळे मी तिचे डोळे कमी आणि भांग जास्त पाहिला. तिच्या भांगातला पहिला पांढरा केस मी तिच्या आधी पाहिला आणि पट्ट्यावरून ओरडून सांगितला. तिने मला वर्षभर माफ केलं नाही. बोटं अशी चपळ की माझ्याकडचा वाईट दाणाही तीच उचलायची आणि म्हणायची, "म्हातारे, डोळे घरी ठेवून आलीस का?"

सहा वर्षांपूर्वी माझे दात गेले. दाणे चावेनात, नात खाईना. तेव्हापासून माझा वाटा मी समोरचीला द्यायला लागले. दर महिन्याला. माझ्या हाताने. तिचं कुटुंब मोठं, ती आधी मुलांना वाढायची आणि स्वतः भाकरतुकड्याबरोबर कूटच खायची. पिशवी घेताना हसायची. "तुझे दात गेले ते माझ्या नशिबाने गं."

गेल्या वर्षी तिचे डोळे पिवळे झाले. हात काड्यांसारखे आणि पोट मात्र नवव्या महिन्यासारखं. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, यकृतात गाठ आहे, उशीर झालाय. अकरा आठवड्यांत गेली. चहाशिवाय जिने आयुष्यात काही प्यायलं नाही, तिच्याबद्दल लोक हळूच म्हणाले, चोरून पीत असणार, नाहीतर यकृत कसं जाईल. ते लोकही इथे बसले आहेत. आणि मॅनेजरसाहेब, शोकसभा याच सभागृहात झाली होती. तुम्ही याच माईकवर काय बोललात ते मला पाठ आहे, कुणी घोकून न घेता. तुम्ही म्हणालात, "कामगारांनी यातून धडा घ्यावा आणि व्यसनांपासून दूर राहावं." तिच्या मुलीच्या देखत. आम्ही मान खाली घातली. मान खाली घालायची आम्हाला सवयच.

मी बाईंना विचारलं होतं, माझ्या वाट्यामुळेच ती गेली का? बाई खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, एका माणसाबद्दल असं बोट दाखवून सांगता येत नाही आजी, गाठीला दहा कारणं असतात. पण कारणांत हे एक मोठं आहे, आणि ते टाळता येण्यासारखं होतं. एवढंच म्हणाल्या. मला खोटा दिलासा दिला नाही आणि खोटा दोषही. तेव्हापासून मी त्या 'टाळता येण्यासारखं'चा विचार करते आहे. पट्ट्यावर करते, भांडी घासताना करते. माझा राग माझ्यावर आहेच, तो मी माझ्याबरोबर नेईन. पण सगळा राग मी एकटीने का न्यायचा?

कारण बाई त्याच दिवशी साहेबांकडे गेल्या. तपासलेली बादली मी धरून दारात उभी होते, म्हणून जे कानावर पडलं ते सांगते. बाईंनी कागद पुढे ठेवला. साहेब म्हणाले, खराब माल बाहेर गेला तर कारखान्याचं नाव जातं, तेवढं बघा. बाईंनी विचारलं, "आणि आत राहिला तर?" साहेब म्हणाले, "आतून कधी तक्रार आलेली नाही."

बरोबर आहे. आतून तक्रार आली नाही. समोरची तक्रार करायला येणार कशी?

मग बाईंनी ढिगाच्या खोलीला कुलूप मागितलं, मिळालं नाही. दारावर कागद चिकटवला, तो दुपारी फाडलेला सापडला. पुन्हा चिकटवला. मग मालक, तुमच्या खोलीत एक बैठक झाली, आणि बाईंना इच्छा झाली. ही एवढी फुलं त्या इच्छेची आहेत.

आता बघा, मला राग कशाचा येतो. ढीग तसाच आहे. भिंत तशीच पाझरते. आणि मघाशी साहेबांनी याच जागेवर उभं राहून आनंदाने जाहीर केलं की बाईंच्या निरोपानिमित्त आज प्रत्येकीला दुप्पट वाटा. पिशव्या बाहेर ओळीने मांडल्या आहेत, जाताना घेऊन जा. बाईंच्या निरोपाला. ज्या गोष्टीसाठी बाई गेल्या तीच दुप्पट. आणि पहिल्या पिशवीचा मान कुणाला? समोरचीच्या मुलीला. आईची जागा तिला मिळाली, आईचा वाटाही तिला. तिच्या मांडीवर दोन वर्षांची पोर आहे, बघा, उचलली तर वर्षाची वाटते. का वाटते, हे मला सिद्ध करता येत नाही. पण त्या पोरीच्या लापशीत आज संध्याकाळी काय पडणार हे मला सांगता येतं.

म्हणजे, पडणार होतं.

साहेब, उठू नका, बसा. घाईने बाहेर जाऊन उपयोग नाही. मी सांगते ना.

बाईंनी एकदा बोलताना सांगितलं होतं की काही कारखान्यांत असा वेचून काढलेला माल रंगवून टाकतात, म्हणजे तो कुणी चुकूनही खाऊ नये, विकू नये. आमच्याकडे रंग नाही. पण आमचे अ‍ॅप्रन धुवायची नीळ आहे, पिंपभर. आज सकाळी आम्ही सभागृह झाडायला, खुर्च्या मांडायला, फुलं लावायला लवकर आलो होतो. फुलं लावून झाल्यावर वेळ उरला. त्या सगळ्या पिशव्या आम्ही सोडल्या, कालवल्या, पुन्हा बांधल्या. मग मागच्या खोलीतला ढीग. त्याला खोरं लागलं. आज या कारखान्यात वेचून काढलेला एकही दाणा असा नाही की जो निळा नाही. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा बघा, म्हणजे पटेल.

हे कुणी केलं म्हणून साहेब विचारतील, आणि चारपाच जणींना उद्या घरी बसवतील. तेव्हा मी नावं सांगून टाकते. बायांनो, हात वर करा.

बघा मालक. सगळ्या. भरणीखात्यातल्या भावांचेसुद्धा हात निळे. ज्या सकाळी नव्हत्या त्यांनीही येताना पिंपात हात बुडवले आहेत. आणि तो शेवटच्या रांगेतला हमालांचा दादा, त्याने कोपरापर्यंत बुडवलाय, त्याचं सगळंच जास्त. समोरचीच्या मुली, तुझा हात दिसला, आता खाली कर, पोर जागी होईल.

मालक, तुम्ही लहान असताना थोरल्या मालकांचं बोट धरून वाट्याच्या दिवशी यायचात. तुम्हाला आठवत असेल की नाही, पट्ट्यावर चढून बसायचात आणि मी तुम्हाला उतरवायचे. म्हणून हक्काने बोलते. थोरल्या मालकांना माहीत नव्हतं. आम्हाला माहीत नव्हतं. न कळता झालं त्याला मी काय म्हणू? पण आता कळलंय. कागदावर आकड्यात कळलंय. कळल्यानंतर जे होतं त्याला दुसरं नाव आहे, आणि ते नाव मी नातीसमोर उच्चारणार नाही.

आमचं मागणं एवढंच आहे. हा निरोप समारंभ बाईंचा नको, बादलीचा करा. बादलीतला दाणा आजपासून कुणाच्याही तोंडात जाणार नाही, ना आमच्या, ना कोंबडीच्या, ना कुठल्या गिरणीत. आणि तो गेला नाही हे रोज यंत्रावर बघायला बाई इथेच राहतील, त्यांची इच्छा असेल तर. आणि त्यांची इच्छा आम्ही चार वर्षं जवळून पाहिली आहे. वाटा द्यायचाच असेल तर गाडीत चढतो त्या मालातला द्या. नाहीतर देऊ नका, आम्ही उपाशी नाही.

समारोप करते. नात मनगटावर बोट टेकवून वेळ झाल्याची खूण करते आहे. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांची, मंडपवाल्यांची, माईकवाल्या भाऊंची मी आभारी आहे. बाई, तुमची मी ऋणी आहे, आणि पसरवलेल्या त्या खोट्याबद्दल तुमच्यापुढे कान धरते, पैज हरले त्याचेही हेच धरून घ्या. माझ्या शब्दांत, माझ्या लिहिण्यात, थोरांचा मान राखण्यात कुठे उणं पडलं असेल तर म्हातारी म्हणून क्षमा करा. पिशव्यांबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर अध्यक्षांचं भाषण आहे. ते ऐकल्याशिवाय आम्ही कुणी उठणार नाही. मालक, तुम्ही सावकाश विचार करा, पाणी घ्या, घाई नाही. आठ आठ तास एका जागी बसून वाईट ते वेचून काढायची आम्हाला सवय आहे.